सामाईक पाटी

रुग्णालयात त्याला सगळे ‘दोनमिनिटे’ म्हणत, जणू आडनावच ते. प्रिंटर अडला, पडदा काळा झाला, एखाद्या रुग्णाचं वय एकशे सदुसष्ट दिसू लागलं, की त्याला फोन जायचा आणि हा म्हणायचा, “दोन मिनिटं द्या.” आणि खरोखरच दोन मिनिटांत काम करून द्यायचा. कसं केलं हे कुणी विचारलं नाही. ज्यांना काम झाल्याशी मतलब असतो त्यांना ते कसं झालं याच्याशी नसतो, आणि दोनमिनिटेही आपण होऊन सांगणाऱ्यांतला नव्हता.

बारा वर्षांपूर्वी त्याने शवागाराच्या नोंदणीसाठी एक स्क्रिप्ट लिहिली होती. चाळीसेक छोट्या प्रोसिजर: एक नाव शोधणारी, एक कप्पा ठरवणारी, एक लेबल छापणारी, अशा. संगणकाच्या त्या भाषेत प्रत्येक प्रोसिजर म्हणजे दार लावलेली खोली. आत जे लिहाल ते आतल्या पाटीवर, आणि काम संपून दार उघडलं की पाटी कोरी. बाहेरची पाटी आत हवी असेल तर पहिल्याच ओळीत ‘ग्लोबल’ असं लिहून ती मागून घ्यावी लागते. याहून सरळ रस्ता म्हणजे ज्या प्रोसिजरला जे हवं ते तिच्या हातात द्यावं: हे नाव घे, हा कप्पा घे, छाप. पण प्रत्येकीच्या हातात देत बसायला धीर लागतो. सुरुवातीला दोनमिनिटे ती ‘ग्लोबल’ची ओळ लिहायलाच विसरायचा. मग लेबलं कोरी निघायची आणि हा डोकं धरून बसायचा. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी वैतागून त्याने एकच ओळ तयार केली, चालू नाव, चालू क्रमांक, चालू कप्पा, सगळं ग्लोबल, आणि ती चाळीसच्या चाळीस प्रोसिजरच्या डोक्यावर चिकटवून दिली. लागो न लागो. आता घरात एकच पाटी, सगळ्यांना सामाईक. येईल त्याने आधीचं पुसावं, आपलं लिहावं.

कोरी लेबलं बंद झाली. दोनमिनिटेला शाबासकी मिळाली.

नऊ वर्षं काही झालं नाही, कारण घरात एकटाच माणूस राहत असेल तर पाटी सामाईक काय आणि खाजगी काय, सारखीच. शवागारात यंत्र एक आणि माणूसही एक. त्या माणसाला सगळे ‘मामा’ म्हणत. दोनमिनिटेच्या मुलांचे तर ते खरेच मामा, त्याच्या बायकोचे थोरले भाऊ. सत्तावीस वर्षं त्या थंड खोलीत काढलेला, स्वेटर घालून जेवणारा माणूस. निवृत्तीला चौदा महिने उरलेले. पुढे काय करणार म्हणून कुणी विचारलं तर म्हणत, “उन्हात बसणार. दुसरं काही नाही.”

तीन वर्षांपूर्वी वरच्या चौकशी खिडकीलाही ही माहिती हवी झाली. नातेवाईक येऊन विचारत, आमचं माणूस खाली आहे का? खिडकीवरची मुलगी फोन करी, मामा हातमोजे काढून फोन घेत, नाव अर्धं ऐकू येई. अधीक्षक बाई म्हणाल्या, खिडकीला जोडून टाका. “दोन मिनिटं द्या,” म्हणत दोनमिनिटेने जुनीच एक प्रोसिजर उचलली, डोक्यावरच्या ओळीसकट नक्कल केली, आणि खिडकीला देऊन टाकली. झालं. एका पाटीवर आता दोन हात. त्याच्या हे लक्षात आलं नाही, असं त्याने पुढे सांगितलं. खरं म्हणजे आलं होतं. पण दोघांचे हात एकाच क्षणी पाटीवर कशाला पडतील, असं म्हणून त्याने चहा मागवला होता.

मामांची एक पद्धत नसती तर कदाचित पडलेही नसते. नाव टाइप केलं की ते पडद्यावर मोठ्या अक्षरांत यायचं आणि खाली प्रश्न यायचा: छापू का? दुसरा कुणी लगेच बटण दाबून मोकळा झाला असता. मामा चष्मा कपाळावर चढवत, नाव मोठ्याने वाचत, आणि गाडीवर आणलेल्या माणसाकडे वळून विचारत, “बरोबर ना?” मग जरा थांबत. उत्तर येणार नाही हे त्यांना कळत होतं, वेडे नव्हते ते. पण म्हणत, “आयुष्यभर सगळ्यांनी विचारलंय, शेवटचं आपण नको का विचारायला?” या सगळ्याला दहा सेकंद लागत.

त्या सोमवारी सकाळी पावणेअकराला सातव्या वॉर्डातून एक म्हातारी खाली आली. मामांनी तिचं नाव टाकलं, वाचलं, तिला विचारलं. त्याच दहा सेकंदांत वर खिडकीपाशी एक भाचा आपल्या मावशीबद्दल विचारत होता. मावशी निवृत्त शिक्षिका, आदल्या दिवसापासून चौथ्या कप्प्यात. खिडकीवरच्या मुलीने शिक्षिकेचं नाव टाकलं. पाटीवरचं नाव पुसलं गेलं, नवं लिहिलं गेलं; म्हातारीसाठी ठरलेला नववा कप्पा तसाच राहिला. मामांच्या पडद्यावर मात्र आधी उमटलेलं म्हातारीचंच नाव, जसंच्या तसं. त्यांनी बटण दाबलं. छापणाऱ्या प्रोसिजरने पाटी वाचली आणि शिक्षिकेच्या नावाचं लेबल काढलं, मुंगीएवढ्या अक्षरांत. शिवाय शिक्षिकेच्या नावापुढचा चौथा कप्पा खोडून नववा लिहून ठेवला. मामांनी नाव आत्ताच पडद्यावर वाचलं होतं. तेच पुन्हा कोण वाचतं? त्यांनी लेबल म्हातारीच्या अंगठ्याला बांधलं.

गुरुवारी मामांची सुट्टी. शिक्षिकेची माणसं आली. बदलीच्या माणसाने पडदा बघितला: नऊ. कप्पा उघडला, लेबल बघितलं: जुळतंय. शिक्षिकेचा मुलगा परदेशातून अकरा वर्षांनी आलेला. भाच्याला असलं बघवत नाही म्हणून तो बाहेरच थांबला. मुलाने चादर वर केली, क्षणभर बघितलं, मान डोलावली. ताडून बघायला त्याच्याकडे अकरा वर्षांपूर्वीचा चेहरा होता आणि अधूनमधून फोनच्या पडद्यावर दिसलेलं कपाळ. संध्याकाळी चारला विद्युतदाहिनीत सगळं आटोपलं.

शुक्रवारी सातव्या वॉर्डातल्या म्हातारीची मुलगी आली. कपडे शिवायचं काम करणारी, चाळिशीची. बहीण लांबून यायची होती म्हणून थांबली होती. पडद्यावर तिच्या आईच्या नावापुढे कप्पाच नव्हता. एकेक करून सगळे कप्पे उघडले. चौथ्यात शिक्षिका निघाल्या, स्वतःचं लेबल बांधून, शांत.

दोनमिनिटेला फोन गेला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. त्याने स्क्रिप्ट उघडली. दोष सापडायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग तो वीस मिनिटं नुसता बसून राहिला.

मग त्याने दुरुस्ती केली. छापणाऱ्या प्रोसिजरच्या डोक्यावरची ओळ काढली, आणि नाव, क्रमांक, कप्पा तिच्या हातात दिला. सहा ओळींचं काम, बारा वर्षं टाळलेलं. फाइल होती तिथेच, जुनीवर नवी, ठेवून दिली. जुनी प्रत बाजूला काढायची त्याला सवय नव्हती. संध्याकाळी आणखी कुणी खाली येईल, त्याचं तरी चुकू नये, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण हिशेबच करायचा तर त्यात चार आणे काळजी होती आणि बारा आणे भीती. रविवारी यंत्राने आपणहून, मागची पुसून, घेतलेल्या आठवड्याच्या प्रतीतही दुरुस्त फाइलच गेली. जुनी आता जगात कुठेही उरली नाही.

त्या शुक्रवारी संध्याकाळी बायको शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “दादाचा फोन होता. म्हणतो, मी तिचंच नाव वाचलं, मोठ्याने वाचलं. अहो, तुमच्या यंत्रात तर काही नाही ना?”

“यंत्रात काय असणार? जे दाबशील ते छापणार.”

“बघितलंत का पण?”

“बघितलं.”

“नीट? की दोन मिनिटांत?”

“नीट बघितलं गं.”

बायकोने शेंग मोडली. नवऱ्याचं खोटं तिला एरवी पावलांच्या आवाजावरून कळायचं. पण त्या दिवशी तिचं सगळं लक्ष भावाकडे होतं.

समिती बसली. अधीक्षक बाई आणि प्रशासनाचे साहेब. पहिल्या दिवशी मामा ठाम होते. “बाई, मी वाचलं. त्यांच्याकडे बघून वाचलं. हवं तर शपथ घेतो.” दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, वाचताना चष्मा डोळ्यांवर होता की कपाळावर? मामा म्हणाले, कपाळावर. साहेबांनी लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, दोनमिनिटेला बोलावलं, यंत्रातली नोंद वाचून दाखवायला. त्याने वाचली: सोमवार, दहा सेहेचाळीस, लेबल छापलं, शिक्षिकेचं नाव, कप्पा नऊ, छापणारे मामा. नोंद अक्षरशः खरी होती. वरच्या खिडकीत त्या मिनिटाला कुणी काय विचारलं याची नोंद नव्हती, कारण तशी नोंद ठेवायची सोय दोनमिनिटेने केलीच नव्हती.

मामांनी ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, “यंत्रात तसं लिहिलंय?”

“हो,” साहेब म्हणाले.

“मग झालं असेल माझ्याकडून. यंत्र भाऊजींचं आहे, बाई. ते खोटं बोलायचं नाही.”

दोनमिनिटे कागद हातात धरून उभा राहिला. त्याला जा म्हणाले तेव्हा गेला.

दोन दिवस त्याला अन्न गेलं नाही. शुक्रवारी सकाळी तो आपण होऊन अधीक्षक बाईंच्या खोलीत गेला आणि सगळं सांगितलं. पाटी, दोन हात, दहा सेकंद. साहेबांनाही बोलावलं गेलं. दोघांनी शांतपणे ऐकलं.

“दाखवा,” बाई म्हणाल्या.

त्याने तिथल्याच यंत्रावर स्क्रिप्ट चालवली, एका बाजूला लेबल, दुसऱ्या बाजूला खिडकी. लेबल बरोबर निघालं. “कारण मी ते दुरुस्त केलंय,” तो म्हणाला. मग घाईघाईने जुनी ओळ परत घातली, पुन्हा चालवलं. आता लेबलवर दुसरंच नाव. तो जवळजवळ आनंदाने म्हणाला, “हे बघा!”

साहेबांनी बघितलं. “म्हणजे दोष नव्हता तोवर दिसला नाही. तुम्ही आत्ता आमच्यासमोर घातलात, आणि दिसला.”

“घातला नाही साहेब, परत घातला.”

“आधी होता याला पुरावा?”

“जुनी फाइल... मी त्याच्यावरच नवी ठेवली.”

“कधी?”

“शुक्रवारी. कळलं त्याच दिवशी.”

“आणि मंगळवारी इथे उभे राहून नोंद वाचलीत. तेव्हा काही बोलला नाहीत.”

“घाबरलो होतो.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. आवाज मऊ होता, आणि तेच वाईट होतं. “बुधवारी तुमच्या पत्नी मला भेटून गेल्या. तुम्हाला माहीत आहे?”

त्याला माहीत नव्हतं.

“रडल्या फार. म्हणाल्या, भावाने आम्हाला बापासारखं वाढवलंय, काहीतरी करा. यंत्राचं काही निघत असेल तर बघा, म्हणाल्या. मी सांगितलं, तुमच्या यजमानांनीच तपासलंय, काही निघालं नाही. आणि आज शुक्रवारी तुम्ही आलात, निघालं म्हणता.” त्यांनी पेनाला टोपण लावलं. “मेहुण्यासाठी माणसाने जीव टाकावा, मला कळतं. मी हे कागदावर घेत नाही. घेतलं तर तुमचीही नोकरी जाईल, आणि त्यांची काही वाचणार नाही. घरी जा.”

“बाई, मी खरं बोलतोय.”

“आठ दिवसांपूर्वी बोलला असतात तर विचारही करावा लागला नसता.”

त्यांना खरंच वाटत होतं की वाटून घ्यायचं होतं, हे दोनमिनिटेला कधी कळलं नाही. एका माणसाची चूक आणि एका रुग्णालयाची चूक यांत कुणाला काय परवडतं, हे काही अवघड गणित नव्हतं. सोमवारी आदेश निघाला. मामा बडतर्फ.

त्या संध्याकाळी बायकोने त्याच्यासाठी गरम पाणी काढलं, ताट वाढलं, आणि समोर बसून राहिली. बाईंकडून तिला कळलं होतं.

“तुम्ही माझ्या भावासाठी स्वतःवर घेतलंत,” ती म्हणाली. “एवढं खोटं, तेही त्यांच्या तोंडावर. मला वाटलं नव्हतं तुमच्यात हे आहे.”

“ते खोटं नव्हतं.”

“असू दे. माझ्याजवळ तरी नको आता.”

“अगं, खोटं त्या दिवशी बोललो. तू शेंगा सोलत होतीस तेव्हा.”

तिने त्याच्या हातावर हात ठेवला. अठरा वर्षांच्या संसारात इतक्या मायेने तिने क्वचितच ठेवला असेल. “जेवा,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो मामांकडे गेला. मामा खुर्ची बाहेर काढून उन्हात बसले होते, स्वेटर घालूनच. त्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं. मामांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, “भाऊजी, मला आठवलं.”

“काय?”

“यादीत दोघींची नावं एकाखाली एक होती. मला खालचं दाबायचं होतं. बोट वरच्यावर पडलं. पडलेलं बोटसुद्धा दिसतं मला, हे असं.” त्यांनी गुडघ्यावर बोट टेकवून दाखवलं.

“दादा, त्यात यादी नाहीच आहे. तुम्ही नाव टाइप करता. बारा वर्षं टाइप करताय.”

“होती,” मामा म्हणाले. “त्या दिवशी होती.”

दोनमिनिटेने ती स्क्रिप्ट ओळन्ओळ लिहिली होती. तिच्यात यादी कधीच नव्हती. तो मामांच्या बोटाकडे बघत राहिला. समितीने तीन दिवस एकच गोष्ट विचारून विचारून या माणसाला एक आठवण तयार करून दिली होती, आणि ती आता खऱ्यापेक्षा ठळक होती.

“चला माझ्याबरोबर,” मामा उठत म्हणाले. “त्या बाईकडे जायचंय. एकट्याला धीर होत नाही.”

कपडे शिवणाऱ्या बाईची खोली रस्त्याला लागूनच होती. एक यंत्र, एक आरसा, दोरीला टांगलेले अर्धवट शिवलेले कपडे. तिने दोघांना बसायला सांगितलं नाही. मामांनी हात जोडले. “मी तो. माझ्या हातून झालं.”

तिने हातातलं कापड बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “आईची राख कुठे आहे, माहितीये? तो मुलगा हे कळायच्या आतच परत गेला. जाताना समुद्रात सोडून गेला. त्याला विचारलं तर म्हणतो, मलाही माहीत नव्हतं. बरोबरच आहे त्याचं.” तिने कात्री उचलली आणि परत ठेवली. “आणि माझी बहीण म्हणते, तू होतीस ना इथे? तुला एक आई सांभाळता आली नाही? मेल्यावरसुद्धा हरवलीस. फोन उचलत नाही आता.”

“माझं चुकलं,” मामा म्हणाले.

“ते लिहून द्याल? तिला दाखवायला. रुग्णालयाने मला नुसतं ‘खेद आहे’ असं पत्र दिलंय. कोणाला खेद आहे ते दिलं नाही.”

मामांनी मान डोलावली. तिने वहीतला कागद फाडून दिला. यंत्राच्या फळीवर वाकून मामांनी लिहिलं, सावकाश, चष्मा डोळ्यांवर घेऊन. लेबल मी बांधलं. नाव मी चुकीचं निवडलं. या बाईंचा यात काही दोष नाही.

“बाई,” दोनमिनिटे म्हणाला, “खरं तर हे त्यांच्याकडून...”

“तुम्ही कोण?”

“मी त्यांचा मेहुणा. तिथलं यंत्र मी...”

“तुम्हीसुद्धा यंत्राचं सांगणार का?” तिचा आवाज चढला नाही. “त्या साहेबांनी मला तासभर यंत्रातली नोंद समजावून सांगितली. मला एक माणूस पाहिजे. बहिणीसमोर यंत्र नेऊन ठेवू?”

दोनमिनिटे बोलायचा थांबला. म्हटलं तर त्याला आणखी बोलता आलं असतं. त्या खोलीत ना समिती होती ना बायको, आणि ही बाई कदाचित शेवटपर्यंत ऐकूनही घेती. पण तीन ठिकाणी खरं सांगून झालं होतं, तिन्ही ठिकाणी ते परत आलं होतं, आणि चौथ्या ठिकाणी गप्प बसणं किती सोपं आहे हे त्याच्या ध्यानात आलं.

मामांनी सही केली. तिने कागद वाचला आणि त्याच्याकडे सरकवला. “साक्षीदार म्हणून तुमची पाहिजे. नुसती एक सही कुणी मानत नाही.”

मामांनी पेन त्याच्या हातात दिलं. त्याने सही केली.

“खाली नाव लिहा. वाचता येईल असं.”

त्याने नाव लिहिलं.

तिने शाई वाळेपर्यंत कागद हवेत धरला, घडी घातली, लिफाफ्यात घालून वर बहिणीचा पत्ता लिहिला. मग खुर्ची ओढून यंत्रावर बसली आणि कापड सुईखाली घेतलं. दोघं बाहेर पडले तरी मागे तिचं यंत्र चाललेलं ऐकू येत होतं.

दोघं कोपऱ्यापर्यंत आले. मग मामांनी खोल श्वास सोडला. “हलकं वाटलं बघा. लिहून दिलं की बरं असतं.” त्यांनी दोनमिनिटेच्या पाठीवर हात ठेवला. “तुम्ही आता मनाला लावून घेऊ नका, भाऊजी. तुमचा यात काय संबंध?”